जित्या माणसाचा फोटो

आर्णीत सैन्यभरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी आहे. तिथे मी इतिहास आणि सामान्य ज्ञान शिकवते. पोरं पहाटे रोडवर पळतात, पळून आल्यावर भिजवलेले चणे खातात आणि नऊ वाजता ओल्या बनियनवरच वर्गात येऊन बसतात. खोलीला टिनाचं छत आहे. एप्रिल-मे महिन्यात त्या टिनाखाली उभं राहून पहिल्या महायुद्धाची कारणं सांगायची, तर शिकवणाऱ्याचाच कस लागतो.

माझ्या माहेरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबांना सही येते, आईला तीही नाही. मी यवतमाळला राहून बी.ए. केलं, मग इतिहास घेऊन एम.ए. केलं, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. लोकांना तो तोरा वाटतो. वाटू द्या. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून सोललेल्या बोटांनी मी पेपर लिहिले आहेत, माझा तोरा फुकटचा नाही.

माझा नवरा सैन्यात आहे. तोही असाच पहाटे पळून पळून भरती झालेला. मला पाहायला आला तेव्हा देशभक्तीचं काही बोलला नाही. म्हणाला, "नोकरी पक्की हाय, पण मी घरी कमी राहीन. चालते काय?" मी म्हटलं, चालते. सरळ विचारणारा माणूस मला आवडला. तो तिकडे ट्रक चालवतो. सैनिक म्हटलं की लोकांना बर्फात बंदूक रोखून उभा असलेला माणूस दिसतो. मला माझा नवरा दिसतो तो घाटात पहिला गिअर टाकून बसलेला, आणि मागे रेशनच्या गोण्या, नाहीतर पेट्या. पेट्यांत काय असतं ते मी कधी विचारलं नाही.

लग्नानंतर वर्षभरात सासूबाई गेल्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गावचं वावर मक्त्याने दुसऱ्याला कसायला दिलं आणि ते माझ्यासोबत आर्णीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. सासूबाईंचा फोटो त्यांनी स्वतः खिळा ठोकून समोरच्या खोलीत लावला. सणावाराला ते त्या फोटोला झेंडूचा ताजा हार घालतात, जुना काढून तुळशीत टाकतात. त्या कामाला मला हात लावू देत नाहीत.

तर पहिलं महायुद्ध. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न हमखास येतो. कारणं लक्षात राहावीत म्हणून मी पोरांना एक शब्द बांधून दिला होता, 'सारागुसै'. साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, गुप्त करार, सैन्यवाद. पोरं पाढ्यासारखं म्हणायची. ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून हे तात्कालिक कारण. 'तात्कालिक' या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा ओढायची. सांगायची की एका खुनापायी एवढी माणसं मरत नसतात, बापा. सरण आधीच रचून ठेवलेलं होतं. सगळ्यांनी फौजा वाढवल्या होत्या, आणि वाढवलेली फौज नुसती उभी ठेवणं कोणाला जमत नाही. शेजाऱ्यानं एक पलटण हलवली की आपण दोन हलवायच्या. मग एखाद्याला थांबावंसं वाटलं तरी जो थांबला तो भेकड ठरतो.

एम.ए.ला असताना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मी एक फोटो पाहिला होता. लढाई जाहीर झाली त्या दिवसांतला, युरोपातल्या कुठल्यातरी शहराचा. चौकात माणसंच माणसं, टोप्या हवेत उडवलेल्या, आणि सगळे हसताहेत. वरातीतसुद्धा एवढे लोक एका वेळी हसत नाहीत. त्या फोटोबद्दल मी दरवर्षी वर्गात सांगते. गेल्या उन्हाळ्यातही सांगितलं.

"त्याइले काय माहीत होतं मॅडम," मागच्या बाकावरून एक जण म्हणाला. "तवा टीव्ही नव्हता, रील नव्हते. आपल्याले सगळं दिसते."

वर्ग हसला. मीही हसले.

त्याच उन्हाळ्यात वर सीमेकडच्या भागात निरपराध माणसं मारली गेली. बातमी पाहताना हातातला घास हातातच राहिला. राग मलाही आला, तो कोणाला येणार नाही? पण दोन-चार दिवसांत त्या रागाचं दुसरंच काही होऊ लागलं. मेलेल्यांचं नाव घेणं कमी झालं आणि मारायचं नाव वाढलं. टीव्हीवर खोटी विमानं उडू लागली, खोट्या विमानांमागे खरे भोंगे वाजू लागले. बियाण्याच्या दुकानात लोक सोयाबीनच्या पिशव्या उचलता उचलता कोणतं मिसाईल किती लांब जातं ते एकमेकांना सांगत होते. आमच्या गल्लीत तर एका संध्याकाळी पोरांनी घरोघर जाऊन लाईट बंद करायला लावले. कोणाचा आदेश नव्हता, टीव्हीवर दुसरीकडचा ब्लॅकआउट पाहिला होता. एक म्हातारी ओसरीतून म्हणाली, "आमच्याकडं तं एमएसईबीवाले रोजच करते रे हे, त्याइचा कोणी सत्कार नाही करत."

नवऱ्याचा फोन आला तो संध्याकाळी, मी कणीक मळत असताना. खांद्याने फोन कानाशी धरला.

"आता काही दिवस फोन लागन नाही. काळजी करू नको."

"कुठं चालले?"

"गाडी घेऊन."

"कुठं पण?"

"पुढं." मग जरा थांबून, "बाबाले म्हणा बीपीची गोळी चुकवू नका."

बस. एवढंच. मामाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हं," आणि गोळी घेतली.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते सांगायला मला कोणी मिळालं नाही, म्हणून इथे सांगते. फोन मी न्हाणीतही घेऊन जायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. भाजी घेताना तो हातात, वर्गात टेबलावर, उताणा. रस्त्यात माणसं थांबवून म्हणायची, "मॅडम, अभिमान आहे बरं तुमचा." ज्यांनी आधी कधी ओळख दाखवली नव्हती तेही म्हणायचे. एकाही माणसानं असं विचारलं नाही की त्यांचा फोन आला होता का. मी बोलायला तोंड उघडायची, तोवर ते अभिमान सांगून पुढे गेलेले असायचे.

शेजारच्या काकू, त्यांचे मिस्टर तहसीलमधून रिटायर झालेले, वाटीत साखर मागायला आल्या आणि बसल्या.

"टेन्शन नाही घ्यायचं मॅडम. आपली बाजू लय भारी आहे."

"बाजू भारी आहे काकू," मी म्हटलं, "पण ट्रक पत्र्याचाच असते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवासमोर काही घाण बोलले. "असं अभद्र बोलू नाही बाई," म्हणाल्या आणि साखर घेऊन गेल्या. मग मी ट्रकबद्दल कोणाशी बोलले नाही.

वर्गात पोरांचं लक्ष नव्हतं. एकाच्या मोबाईलवर सगळे वाकलेले. मी डस्टर आपटलं.

"मॅडम, आज होते म्हणते. पक्कं."

"काय होते?"

"लढाई."

"अन् तुम्हाला एवढा आनंद कायचा झाला रे?"

पुढच्या बाकावरचा एक जण, जो पळण्यात सगळ्यांच्या पुढे असतो, तो सरळ म्हणाला, "मॅडम, लढाई झाली तं भरती निघन ना."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे सगळ्यांच्याच मनात ते होतं. त्यांच्यातले काही जण तीन-तीन वर्षांपासून पळत आहेत. वय निघून चाललं आहे. बाप विचारतो, काय झालं तुह्या भरतीचं. माझी स्वतःची चूल त्यांच्या पळण्यावर चालते. मी फळ्याकडे वळले आणि नद्यांची नावं लिहिली.

आता मामाजींचं. गावात त्यांना मान होता. चार माणसं त्यांना विचारून पेरणी करायची. आर्णीत त्यांना कोणी ओळखत नव्हतं. दुपारी ते शिंप्याच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसायचे. शिंपी म्हणायचा, "सरका बुवा, गिऱ्हाईक येऊ द्या." ते सरकायचे. पण त्या आठवड्यात त्याच शिंप्यानं त्यांना आत बोलावून पंख्याखाली खुर्ची दिली. चहा मागवला. मामाजी घरी आले आणि मला म्हणाले, "आज स्पेशल पाजला. इलायची टाकून." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष घरी आला. मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं, पोरगा वाईट नाही, माझा फोन त्यानेच दोनदा दुरुस्त केलेला. सोबत चार जण.

"काकाजी, तुमचा पोरगा म्हणजे आर्णीची शान हाय. उद्या संध्याकाळी चौकात सत्कार ठेवला."

"कोणाचा?" मी विचारलं. "ते तर तिकडे आहेत."

"त्याइच्या वतीनं काकाजीचा, वहिनी. अन् फोटोचा. एक वर्दीतला फोटो द्या, मोठा करून घेतो."

मी म्हटलं, ते सुखरूप परत आल्यावर करा ना, मी स्वतः चहा-पोहे करीन सगळ्यांचे. अध्यक्ष मामाजींकडे पाहून हसला. मामाजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दे वं माय, फोटो. हे पोट्टे काय रोज रोज येतेत काय?"

मी फोटो दिला.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी दुपारीच अंघोळ केली. पांढरा सदरा इस्त्री करून आणला. टोपी मी नीळ घालून धुतली होती. आम्ही दोघं चौकात गेलो तेव्हा फ्लेक्स लागलेला होता. मध्ये माझा नवरा, त्याच्या एका खांद्यावर विमान, दुसऱ्या खांद्यावर रॉकेट सुटताना, आणि खाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे, त्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठे. हसू येत होतं. नोकरीच्या नऊ वर्षांत या माणसानं ट्रकच्या टायरमध्ये हवा भरली, बर्फात टायरला चेन बांधली, इंजिन पुसलं. त्याच्या खांद्यावर कोणी विमान ठेवलं तर त्यानेच पहिले विचारलं असतं, हे कोणत्या गियरमधे चालते बे.

मंचावर खुर्च्या होत्या. मामाजींना प्रमुख पाहुण्यांच्या बाजूची खुर्ची मिळाली. एका वेगळ्या खुर्चीवर नवऱ्याचा मोठा केलेला, फ्रेम लावलेला फोटो ठेवला होता. मला बायकांत, पहिल्या रांगेत बसवलं. डीजे मोठा होता, छातीत आदळत होता. भाषणं झाली. एक जण म्हणाला, नकाशावरून नाव पुसून टाकू. दुसरा म्हणाला, आता माघार नाही, माघार म्हणजे गद्दारी. लोक टाळ्या वाजवत होते, पोरं खांद्यावर झेंडे घेऊन बाईकवर उभी होती. माझ्या वर्गातली कितीतरी होती. सगळे हसत होते.

सत्काराची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. शाल, श्रीफळ, हार. सत्कारमूर्ती हजर नसली म्हणून रीत थांबत नाही. मामाजींना शाल पांघरली, नारळ दिला, हार घातला. त्यांनी वाकून पाहुण्यांना नमस्कार केला. मग पाहुणे फोटोकडे वळले. खुर्चीच्या पाठीवर शाल टाकली, बसायच्या जागी नारळ ठेवला. आणि सूत्रसंचालकानं पुढे केलेला झेंडूचा भला मोठा हार दोन्ही हातांनी उचलून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या फोटोला घातला. टाळ्या. कोणीतरी घाईघाईनं बाजूची समई फोटोसमोर सरकवली, मोबाईलमध्ये चांगलं दिसावं म्हणून.

त्या क्षणी तो फोटो माझ्या सासूबाईंच्या फोटोसारखा दिसू लागला.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायका मराठी घरातल्या. प्रत्येकीच्या घरी भिंतीवर हार घातलेला एक तरी फोटो. कोणाचा चेहरा बदलला नव्हता. मला वाटलं, एखादी तरी माझ्याकडे पाहील. काकू टाळ्या वाजवत होत्या.

मी उठले. मंचाला चार फळ्यांची पायरी होती, ती चढले. लोकांना वाटलं मला बोलायचं आहे, सूत्रसंचालक म्हणालाही, "आता वहिनी दोन शब्द..." मी सरळ फोटोजवळ गेले आणि हार काढला. ओला होता, जड होता. समई बाजूला केली.

"वहिनी, काय झालं?" अध्यक्षानं विचारलं.

"जित्ता हाय तो," मी म्हटलं. "जित्या माणसाच्या फोटोले हार घालत नाही."

माइक जवळ होता. चौकभर ऐकू गेलं. मी घरी वऱ्हाडी बोलते आणि मंचावर शुद्ध. त्या दिवशी मंचावर वऱ्हाडी निघाली. डीजेवाल्यानं गाणं बंद केलेलं होतं. मग बाईकवरून एक जण ओरडला, "देशासाठी गेला तं काय वाईट हाय मॅडम? शहिदाचा मान मोठा असते."

"मग तुह्या घरून फोटो आण," मी म्हटलं. "तुह्या भावाचा आण. मी घालते हार."

पाहुणे सराईत होते. माइक हातात घेऊन म्हणाले की ताईंच्या भावना आपण समजू शकतो, आणि लगेच घोषणा दिली. लोकांनी ती उचलली. डीजे पुन्हा सुरू झाला. मी हार टेबलावर, उरलेल्या नारळांजवळ ठेवला. मामाजींकडे पाहिलं. ते गळ्यातल्या हाराशी चाळा करत समोर कुठेतरी पाहत होते. मी खाली उतरले आणि घरी गेले. रस्ता पूर्ण रिकामा होता, सगळे लोक चौकात होते.

मामाजी उशिरा आले. शाल घडी करून खुंटीला टांगली, नारळ देवापाशी ठेवला. जेवताना एवढंच म्हणाले, "एवढे लोक होते वं."

चौकातल्या त्या प्रकाराची क्लिप फिरली. त्यात आधीचं काही नव्हतं, फक्त मी मंचावर चढते आणि सैनिकाच्या फोटोवरचा हार काढून टाकते एवढं होतं. खाली लिहिलेलं काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. माहेरून आईचा फोन आला, कोणीतरी तिला दाखवलं होतं. "तुले शिकवलं ते याच्यासाठी काय?" आई म्हणाली. मी म्हटलं, हो, याच्यासाठीच. तिनं फोन ठेवला.

अकॅडमीच्या संचालकांनी बोलावून चहा दिला. "मॅडम, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही."

"बरं."

"पण पोरं नाराज आहेत. चार दिवस घरी राहा, थंड होऊ द्या."

"चुकलं नाही तर चार दिवस कायले?"

मी घरी राहिले. मामाजी सकाळी निघून जायचे. शिंप्याकडची खुर्ची गेली होती, आता ते बसस्टँडवर बसायचे. मी दिवसभर दोन खोल्यांत, फोन समोर. घर झाडून झालं की पुन्हा झाडायची. काकूंचं दार लावलेलं असायचं. एवढ्या मोठ्या गावात सगळ्यांच्या तोंडी माझा नवरा होता आणि त्याच्याबद्दल बोलायला मला कोणी नव्हतं.

मग एका दुपारी टीव्हीवर सांगितलं की थांबलं. दोन्हीकडून थांबलं. मी खाली फरशीवर बसले. खिडकीतून गल्लीतलं बोलणं ऐकू येत होतं.

"थांबवलं काहून पण?"

"तेच तं. एका दमात संपवाले पायजे होतं."

"अजून चार दिवस चालू द्याचं ना."

लग्नात जेवणाच्या पंक्तीला बसवून पान न वाढता उठवावं, तसा त्यांचा आवाज होता. हे कोणी वाईट लोक नाहीत. यांच्यातलाच एक जण एकदा मला अर्ध्या रात्री दवाखान्यात घेऊन गेला होता.

फोन दोन दिवसांनी आला. मी उचलला आणि म्हटलं, तुम्हीच हाय काय?

"हाव, मीच हाय," नवरा म्हणाला. "रडू नको. बाबा कसे हाय?"

मी मामाजींना फोन दिला. ते म्हणाले, "जेवला काय रे?" फोन माझ्याकडे देऊन ते तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढताना विचारलं. मनात राहिलं होतं. "मामाजी, तुम्ही फोटोच्या बाजूलाच बसले होते. हार घातला ते तुम्हाला दिसलं नाही काय?"

"दिसलं ना," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. "मंचावर बसलो होतो ना माय."

त्यांचा एकुलता एक मुलगा होता तो. माझ्या पुस्तकांमधले राजे आणि मंत्री, त्यांना कोणी असं जेवताना विचारलं असतं, तर त्यांनीही बहुतेक हेच उत्तर दिलं असतं.

नवरा सुट्टीवर आला तो पाऊसपाणी होऊन कपाशी गुडघ्याला लागल्यावर. मंडळाची पोरं बसस्टँडवर ढोल घेऊन थांबली होती. तो अलीकडच्या थांब्यावरच उतरून वावरांच्या बाजूनं पायी घरी आला. बूट चिखलानं भरलेले. वाळला होता. क्लिप त्याने पाहिलेली होती, तिकडे सगळ्यांनीच पाहिली होती.

"हार केवढा होता?" त्याने विचारलं.

"मोठा. जमिनीला टेकत होता."

तो हसला. मग म्हणाला, "तू बरोबर केलं." आणि जरा वेळानं, "पण मी असं म्हटलं हे बाहेर सांगू नको."

"काहून?"

"मले तिथंच नोकरी कराची हाय. अन् बाबाले इथं राहाचं हाय."

म्हणून मी इथे कोणाचं नाव लिहिलेलं नाही.

तिकडे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, रस्ता खराब होता. झोपेत मात्र त्याचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा ताठ व्हायचा. मी तो पाय धरून बसायची.

संचालकांनी मला परत बोलावलं होतं, कारण नवीन बॅचमध्ये पोरं मावेनात. लढाईनंतर आर्णीचीच काय, पुसदकडचीही पोरं यायला लागली. बाक कमी पडले म्हणून काही जण खाली सतरंजीवर बसायची. माझा पगार वाढला. हे सुद्धा सांगायला पाहिजे.

सुट्टी संपली तेव्हा त्याला सोडायला मी सकाळी स्टँडवर गेले. नागपूरची बस लागायची होती. आम्ही एका बाकावर बसलो, मध्ये त्याची बॅग. रोडवरून अकॅडमीची पोरं पळत आली. मला पाहिलं, त्याला ओळखलं, आणि पळता पळताच सगळ्यांनी मिळून सॅल्यूट ठोकला. त्याने उभं राहून तो घेतला. चांगला, ताठ, जसा घ्यायला पाहिजे तसा. पोरं खूश होऊन ओरडत पुढे गेली.

तो खाली बसला. "ह्याच्यातले किती भरतीत लागतीन?" त्याने विचारलं.

"दोन-चार," मी म्हटलं. "लागले तर."

तो त्यांच्या पाठींकडे पाहत राहिला, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

"मग बाकीचे वाचले," तो म्हणाला.

बस लागली. त्याने बॅग उचलली, चढला, खिडकी मिळाली का ते पाहिलं, हात केला. नऊ वाजत आले होते. मी तिथूनच वर्गावर गेले. पोरं पळून येऊन बसलेली होती. त्यांनी विचारलं, "सर काय म्हणाले मॅडम, आमच्याबद्दल?"

मी हजेरी घेतली.